मोटारसायकलचा क्लच कां घसरतो?

हल्लीं खेडोपाडीं मोटारसायकल नाहीं असा गांव विरळा. दुधाच्या किटल्या, खताचीं पोतीं, परीक्षेस निघालेलीं मुलें, दवाखान्यांत न्यावयाची आजी, हें सर्व ओझें ती मुकाट्यानें वाहते. आणि तरीहि तिच्या पोटांत काय चाललें आहे याची विचारपूस ती अडून बसेपर्यंत कोणी करीत नाहीं. आम्हींहि केली नव्हती. एका सकाळीं आंबा घाटांत ती करणें भाग पडलें. त्या निमित्तानें जें पाहिलें, उघडलें व मोजलें तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमची गाडी शंभर सीसीची, चार-स्ट्रोक इंजिनाची, बरीच जुनी. साखरप्याहून वर आंब्याकडे चढत होतों. मागें आमचे धाकटे बंधु व त्यांच्या मांडीवर तांदळाची पिशवी. पहिलीं कांहीं वळणें ठीक गेलीं. पुढें चढ वाढला तसें इंजिन मोठ्यानें ओरडूं लागलें, पण गाडीचा वेग मात्र कमी कमी होत चालला. मूठ जितकी पिळावी तितका आवाज अधिक, आणि चाल होती तीच. थोड्या वेळानें करपल्यासारखा वास येऊं लागला. शेवटीं बंधूंस उतरून चालावें लागलें, आणि विटांनीं भरलेला एक ट्रक आम्हांस मागें टाकून गेला. त्याच्या चालकानें आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें ती आम्ही अजून विसरलों नाहीं.

वर आंब्यास पोंचल्यावर एका मिस्त्रींस गाडी दाखविली. त्यांनीं जागेवरच दोन वेळां रेस वाढवून पाहिली व निकाल दिला : "बोअर गेला, सर. इंजिन खोलायला लागेल." बोअर म्हणजे सिलिंडरची आंतली भिंत. तिचें काम करावयाचें तर आमच्या महिन्याच्या पगाराचा निम्म्याहून अधिक भाग जाणार, आणि त्याच महिन्यांत बंधूंची कॉलेजची फी भरावयाची होती. विचार करून सांगतों असें म्हणून आम्ही परत फिरलों.

घाट उतरतांना एक शंका मनांतून जाईना. बोअर झिजलेलें इंजिन दुबळें होतें. दुबळ्या माणसास चढावर धांप लागून तो जसा मंद पडतो, तसें त्याचें होतें. चढ लागला कीं त्याचा आवाज खालीं येतो. आमच्या इंजिनाचा आवाज तर वर जात होता. म्हणजे तें दुबळें नव्हतें, भरपूर फिरत होतें. पण त्याचें फिरणें मागच्या चाकापर्यंत पोंचत नव्हतें. आवाज व वेग दोन्ही खालीं आले तर दोष बहुधा इंजिनाचा, हवेच्या जाळीचा, कार्बोरेटरचा किंवा चाकास धरून बसलेल्या ब्रेकचा. आवाज वर आणि वेग खालीं, असें झालें तर मधल्या दुव्याचा. मिस्त्रींनीं गाडी जागच्या जागीं तपासली होती, आणि भार नसतां हा दोष दिसतच नाहीं. त्यामुळें त्यांस फार बोल लावण्याचेंहि कारण नाहीं.

इंजिन व चाक यांच्यामध्यें क्लच, गिअर व साखळी असे तीन दुवे आहेत. साखळी झिजलेल्या दांत्यांवरून उडी मारते तेव्हां कडकड आवाज होऊन गाडीस हिसका बसतो. गिअर निसटला तर गाडी एकाएकीं न्यूट्रलमध्यें आल्यासारखी होते. क्लच घसरतो तो मात्र लोण्यावरून सुरी घसरावी तसा, बिनआवाज. आणि म्हणूनच पुष्कळ दिवस तो ध्यानांत येत नाहीं. पेट्रोल अधिक लागूं लागतें, गाडी "ओढत नाहीं" अशी कुरकुर सुरू होते, आणि दोष वयावर ढकलला जातो.

आतां क्लच म्हणजे काय तें पाहूं. इंजिनाच्या दांतेरी चाकानें सतत फिरणारें एक पसरट भांडें असतें. त्यांत कड्याच्या आकाराच्या प्लेटा एकीवर एक रचलेल्या असतात. एक घर्षणाची, एक पोलादी, पुन्हां एक घर्षणाची, याप्रमाणें. घर्षणाच्या प्लेटांवर खरबरीत द्रव्याचे तुकडे चिकटविलेले असतात. १९७२ सालीं बाजारांत आलेल्या बजाज चेतक स्कूटरच्या प्लेटांवर तर खरोखरीच बुचाचे तुकडे असत. या प्लेटांचे कान बाहेरच्या बाजूस असून ते भांड्याच्या खांचांत अडकतात. पोलादी प्लेटांचे दांत आंतल्या बाजूस असतात व ते गिअरच्या दांड्यावरील हबास धरतात. म्हणजे निम्म्या प्लेटा इंजिनाच्या पक्षाच्या, निम्म्या चाकाच्या. या दोन्ही पक्षांस एकत्र दाबून धरण्याचें काम चार किंवा सहा स्प्रिंगांकडे असतें. दाब आहे तोंवर सारी चळत एकजीव होऊन फिरते. दाब काढला कीं जो तो आपल्या पक्षाबरोबर जातो.

इतक्या प्लेटा कशासाठीं, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील. घर्षणाचें बल दाबावर व पृष्ठांच्या गुणावर अवलंबून असतें, क्षेत्रफळावर नव्हे, हें पदार्थविज्ञानाच्या तासास शिकविलेलेंच आहे. म्हणून प्लेट नुसती रुंद करून फारसा लाभ नाहीं. पण पृष्ठांची संख्या वाढविली तर तोच एक दाब चळतींतून पुढें पुढें जात प्रत्येक पृष्ठावर पुन्हां कामास येतो. घर्षणाच्या चार प्लेटा असल्या तर घासणारीं पृष्ठें आठ. एका पृष्ठाच्या आठपट पकड. घरीं याचा पडताळा घेतां येईल. दोन वह्यांचीं पानें पत्ते पिसावे तशीं एकांत एक गुंतवा, वरून तळहातानें दाबा, आणि मित्रास त्या वह्या दोहों बाजूंनीं ओढण्यास सांगा. तळहात उचलल्यावर पुन्हां ओढण्यास सांगा. तळहात म्हणजे क्लचची स्प्रिंग.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरली पाहिजे, कारण आमची चूक तेथेंच झाली होती. चालकाचा हात क्लच जोडीत नाहीं; जोडतात त्या स्प्रिंगा. हात फक्त सोडवितो. डाव्या हातचा लिव्हर दाबला म्हणजे वायर ओढली जाते, ती इंजिनावरील एका लहान दांडीस वळविते, आणि ती दांडी स्प्रिंगांच्या विरुद्ध रेटा देऊन प्लेटांवरील दाब काढते. अर्थात् वायर जर मुळांतच ताणलेली राहिली, तर जणूं एक अदृश्य हात क्लचचा लिव्हर सदोदित किंचित् दाबून बसलेला आहे. स्प्रिंगा चांगल्या, प्लेटा चांगल्या, आणि तरीहि पकड अपुरी.

यास्तव लिव्हरच्या टोंकाशीं थोडी मोकळीक ठेवावी लागते. गॅरेजांत तिला "प्ले" म्हणतात. लिव्हर बोटानें हलवावा. ताण लागण्यापूर्वीं त्याचें टोंक साधारण दहा ते वीस मिलिमीटर सुखानें हललें पाहिजे. आमच्या गाडीच्या वर्गांतील बहुतेक गाड्यांस हाच आंकडा असतो; तरी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहावी हें बरें. हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवूनहि पाहावें. कांहीं गाड्यांत वायर चुकीच्या वाटेनें नेलेली असते, आणि सरळ असतांना दिसणारा प्ले वळणावर नाहींसा होतो.

घरीं येऊन आम्हीं लिव्हर हलवून पाहिला. प्ले मुळींच नव्हता. दीड महिन्यापूर्वीं जुनी वायर तुटली म्हणून आम्हींच नवी घातली होती, आणि लिव्हर हातास सैल लागूं नये, "टाइट" लागावा, म्हणून नट मोठ्या अभिमानानें आवळला होता. पाहुण्यांस दाखविलाहि होता! बोअर, पिस्टन, मिस्त्री यांपैकीं कोणाचाहि यांत दोष नव्हता.

नवी वायर कालांतरानें लांबते व प्ले वाढतो, ही अर्धी गोष्ट बहुतेकांस ठाऊक असते. दुसरी अर्धी उलट आहे. बहुतेक मोटारसायकलींत घर्षणाच्या प्लेटा झिजून चळत पातळ झाली कीं प्ले वाढत नाहीं, घटतो. ब्रेकचें याच्या नेमकें विरुद्ध असतें. ब्रेकचा लायनर झिजला कीं पेडल खालीं जातें व आपण सावध होतों. क्लच मात्र झिजतां झिजतां लिव्हर अधिक घट्ट करून आपली फसवणूक करतो.

घसरण आहे कीं नाहीं हें ठरविण्याच्या दोन कसोट्या आहेत. पहिली जागच्या जागीं. पुढें मोकळी जागा पाहून गाडी सुरू करावी, दोन्ही ब्रेक पक्के धरावे, वरचा गिअर टाकून, किंचित् रेस देऊन, लिव्हर हळूहळू सोडावा. क्लच धड असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडेल. न पडतां तें फिरतच राहिलें तर क्लच घसरतो आहे. लगेच लिव्हर दाबावा, कारण तेवढ्यांतहि प्लेटा तापतात. दुसरी कसोटी अधिक नाजूक. रिकाम्या, सरळ, किंचित् चढाच्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्यें मध्यम वेगानें जात असतां मूठ एकदम पूर्ण पिळावी. वेग न वाढतां आवाज उसळला तर निकाल लागला. ही परीक्षा घरांतील वडील माणसानें करावयाची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गिअरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षांखालीं मिळत नाहीं. पाना धरण्यास मात्र वयाची अट नाहीं.

घसरण दिसल्यावर प्लेटा मागविण्यास धांवूं नये. प्रथम प्ले. नंतर वायर : तिची तार गंजली असेल, एखादा पदर तुटून आवरणांत अडकत असेल, तर लिव्हर सोडला तरी खालची दांडी पुरती परत येत नाहीं. ती बोटानें हलवून पाहावी. त्यानंतर ऑइल.

ऑइलाविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. आमच्या गाडीसारख्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्याच ऑइलांत बुडालेला असतो. मोटारगाडीचा सामान्य क्लच कोरडा असतो, त्यास ऑइलाशीं कर्तव्य नसतें. त्यामुळें मोटारींसाठीं बनविलेल्या कित्येक आधुनिक ऑइलांत पेट्रोल वांचावें म्हणून घर्षण कमी करणारीं द्रव्यें घालतात. मोटारीस तीं हितकर. मोटारसायकलच्या क्लचला विष. आमच्या एका स्नेह्यांनीं उरलेलें, महागाचें, मोटारीचें ऑइल "वायां कशाला घालवा" म्हणून दुचाकींत ओतलें, आणि आठवड्यांत क्लच घसरूं लागला. अशी अडचण ओळखूनच जपानांत १९९८ सालीं जासो नांवाच्या मानकांत चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या ऑइलाचे वर्ग ठरविले गेले. डब्यावर जासो एमए किंवा एमए २ अशीं अक्षरें असलेलें ऑइल क्लचला पकड देणारें असतें. एमबी वर्गाचें घर्षण कमी असल्यानें तें आपल्या गाड्यांस नको. पातळी फार वाढवूनहि ओतूं नये.

आम्हीं वायर सैल केली. फरक पडला, पण पुरता नाहीं. सपाटीवर गाडी चांगली चाले, चढावर मूठ पिळली कीं पुन्हां तीच ओरड. दीड महिना अर्धवट दाबांत घासून प्लेटा करपल्या असणार, हें उघड झालें. मग रविवारीं दुपारीं, बंधूंस मदतीस घेऊन, आम्हीं क्लच उघडण्याचें ठरविलें.

इंजिन थंड असावें. जुनें ऑइल खालच्या बोल्टांतून भांड्यांत काढावें. तें गटारांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये, गॅरेजवाल्याकडे द्यावें. क्लचच्या वायरचें टोंक सोडवावें, किकची दांडी काढावी. कांहीं गाड्यांत पायठेवणी किंवा सायलेन्सरहि बाजूस करावा लागतो. मग उजव्या कव्हराचे बोल्ट. हे सारखे दिसतात, पण लांबीनें कमीजास्त असतात, आणि लांब बोल्ट आंखूड भोंकांत आवळला तर ॲल्युमिनमचें कव्हर फुटतें. आमच्या बंधूंनीं पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागीं टोंचून ठेवला. त्या दुपारीं घरांत झालेली ती सर्वांत शहाणपणाची गोष्ट. कव्हर चिकटलेलें असतें. लांकडी हातोडीनें कडेकडेनें ठोकावें. सांध्यांत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्यास तेथून जन्मभर ऑइल गळतें.

कव्हर निघालें कीं क्लच समोर दिसतो. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनें सैल करावे. कांहीं गाड्यांत एवढ्यानेंच प्लेटा हातांत येतात. आमच्या गाडींत मधला खांचेचा नट काढल्यावांचून त्या निघत नाहींत, आणि त्यास चार दांत्यांचा निराळा पाना लागतो. छिन्नी व हातोडी घेऊन तो नट फिरविणारे वीर पुष्कळ आहेत. त्यांच्या मागें लागूं नये. आम्हीं तो पाना बाजारपेठेंतील एका दुकानांतून एका दिवसाकरितां उसना आणला.

आंत पाहिलें तें बोलकें होतें. पोलादी प्लेटांवर निळे-जांभळे डाग पडले होते. पोलाद अतिशय तापलें म्हणजे पडतात तसे. घर्षणाच्या प्लेटा कांचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या. शाळेच्या प्रयोगशाळेंतील व्हर्निअर कॅलिपर आणून मोजल्या. अशी नवी प्लेट साधारण तीन मिलिमीटर जाड असते व २.६ च्या खालीं ती टाकून द्यावी लागते. आमच्या प्लेटा २.७ भरल्या. दहावा हिस्सा मिलिमीटरचा हिशेब पुस्तकांतल्या उदाहरणांपलीकडे कोठें लागतो असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं हें मुद्दाम नमूद करीत आहों. जाडी मर्यादेंत होती, तरी चकाकी आलेल्या प्लेटा पुन्हां घालण्यांत अर्थ नव्हता. पोलिश कागदानें घासून चकाकी काढतात, परंतु करपलेल्या द्रव्याची पकड त्यानें परत येत नाहीं. पोलादी प्लेट जाड सपाट कांचेवर ठेवून दाबून पाहिली; ती डुगडुगली, म्हणजे वांकली होती. स्प्रिंगा नव्यांशेजारीं उभ्या केल्या, तेव्हां जुन्या उघड उघड ठेंगण्या दिसल्या. तापानें व वयानें त्या बसतात. भांड्याच्या खांचांच्या कडांवर प्लेटांच्या कानांनीं पाडलेले ओरखडे फार खोल नव्हते. खोल असते तर क्लच सुटतांना अडकला असता.

प्लेटांचा संच, चार स्प्रिंगा, कव्हराचें पॅकिंग व ऑइल, एवढें सामान आणलें. इंजिनाच्या कामास सांगितलेल्या रकमेचा तो लहानसा भाग होता. बंधूंची फी वेळेवर गेली.

जोडतांना तीन गोष्टी संभाळाव्या. नव्या प्लेटा कोरड्या घालूं नयेत. त्या रात्रभर नव्या ऑइलांत भिजत ठेवाव्या, नाहींतर पहिल्याच चढावर पुन्हां करपतील. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनेंच आवळावे, आणि हाताच्या बेतानें. ते बारीक असतात व जोर दाखविल्यास तुटून आंत राहतात. जुनें पॅकिंग खरवडून कड स्वच्छ करावी व नवें नीट बसवावें. आम्ही ही शेवटची गोष्ट घाईनें केली, त्यामुळें दुसऱ्या दिवशीं अंगणांत ऑइलाचा रुपयाएवढा डाग दिसला व कव्हर पुन्हां काढावें लागलें. पुठ्ठा जपून ठेवला होता म्हणून बरें.

सर्व जुळल्यावर ऑइल पुस्तिकेप्रमाणें मोजून भरलें, आणि प्ले पंधरा मिलिमीटरवर आणला. या वेळीं फुटपट्टी लावून. पुढच्या महिन्यांत पुन्हां आंबा घाट चढलों. मागें बंधु, मांडीवर पुन्हां तांदूळ. चढ वाढला तसा इंजिनाचा आवाज खालीं आला, आम्हीं एक गिअर कमी केला, व गाडी संथपणें वर गेली. परत आल्यावर लिव्हर मोजला तर प्ले बारावर आला होता. नव्या प्लेटा पहिल्या कांहीं दिवसांत बसतात त्यामुळें असें होतें. नट अर्धा फेरा सैल करून तो पुन्हां पंधरावर आणला.